मढच्या किनाऱ्यावरची लाथ

"हे समदं पाणीच?" आबांनी विचारलं.

"पाणीच."

"आन् आपून ह्यात बसायचं?"

"ह्यात नाही, आबा. होडीत बसायचं. होडी ह्याच्यावर."

वर्सोव्याच्या धक्क्यावर लाँचवाला दोरी धरून ताटकळला होता आणि आबा नारळ छातीशी धरून उभे होते. माणदेशात ज्यांनी बोट दाखवलं तिथं लोकांनी डोळे झाकून विहिरी खणल्या, त्या ज्ञानू आबा पाणाड्याला पाण्याची भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी त्यांनी डोळे मिटले, माझा दंड पकडला आणि पाय उचलला. पलीकडे मढला पोचायला पाचच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात त्यांनी माझ्या दंडावर उमटवलेली बोटं आठवडाभर निळी होती.

उतरल्यावर ते माघारी वळून बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं पाणी उशाला, आन् पाणाड्या माणदेशातनं आणत्यात. राजधानीच्या लोकांचं काय खरं न्हाय."

ही त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा दहिवडीला पंचायत समितीत कारकून होतो आणि आबांच्या लेकीवर, अंजिरावर माझा जीव जडला होता. बाजारच्या दिवशी ती आईबरोबर शेंगा घेऊन बसायची. त्या उन्हाळ्यात मी इतक्या शेंगा खाल्ल्या की पोटाचं दुखणं मागं लागलं. पण आबांची अट गावोगाव माहीत होती. त्यांना मुलगा नव्हता, आणि पाण्याची विद्या घरात राहावी म्हणून जावई पायाळूच पाहिजे होता.

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून आलेला. अशा माणसाच्या पायाला जमिनीतलं पाणी कळतं, असं आमच्याकडे मानतात. आबा स्वतः पायाळू, म्हणून तर त्यांचं एवढं नाव.

माझ्या मामांनी स्थळ नेलं आणि बेधडक सांगून टाकलं, "पोरगा पायाळू हाय." मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "रातची येळ, मला शुद्ध कुठं व्हती? तू कसा आलास ते त्या सुईणीला ठावं, आन् ती जाऊन दहा वर्षं झाली." सगळी माणसं जशी येतात तसाच मीही आलो असणार, याबद्दल मला तरी शंका नव्हती. माझा जन्म आजोळी, खुटाळवाडीला झाला. आबाही त्याच गावचे. तरी ती सुईण कोण, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. प्रेमात माणूस शेंगांचा भाव विचारत नाही, सुईणीचं नाव कुठून विचारणार?

या खोट्याला एक शेपूट होतं. पायाळू माणसानं कमरेत लाथ मारली की भरलेली उसण उतरते, असाही समज आहे. बातमी पसरली आणि सकाळी मी दात घासायला बाहेर आलो की दारात दोन-तीन माणसं वाकून उभी. पहिल्या आठवड्यात तलाठी आला, दुसऱ्यात खुद्द सरपंच. ज्यांच्यापुढे एरवी खुर्चीवर बसायची चोरी, त्यांच्या कमरेत मी चहाच्या आधी लाथा घालत होतो. त्यातली निम्मी माणसं बरी होऊन पेढे घेऊन यायची, त्यामुळे तर मी पुरता अडकलो.

अंजिरा या विषयावर माझ्याशी एकदाच बोलली होती. "तुमी खरंच पायाळू हाय का?" मी मान हलवली. उभी हलवली की आडवी, हे माझं मलाही कळलं नाही. "आबांस्नी खोटं खपत न्हाय," एवढंच म्हणून तिनं शेंगा मोजून दिल्या.

आबांनी होकारही दिला नव्हता आणि नकारही. "मुंबईला मढात एक काम आलंय," ते म्हणाले. "बरुबर चल. पाय बघू तुझं." म्हणजे माझं लग्न आता मढच्या वाळूत अडकलं होतं.

आमच्या गावचा संपत तिथं नीलतरंग नावाच्या सोसायटीत वॉचमन होता. त्यानंच आबांचं नाव सुचवलं होतं. तीन मजल्यांच्या चार इमारती, समोर नारळाची झाडं आणि त्यापुढं समुद्र. दोन बोअर मारून झाल्या, दोन्ही खारट लागल्या. दर उन्हाळ्यात टँकर यायचा आणि टँकरवरून भांडणं व्हायची. सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक बँकेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या अर्ध्या चड्डीत फाटकाशी उभे होते.

"हे पाहा," ते म्हणाले, "माझा व्यक्तिशः या प्रकारावर काडीचा विश्वास नाही. पण सभेत बहुमत झालं. बोअरची गाडी उद्या सकाळी आठला येणार. तुम्ही आज जागा दाखवायची. हीच शेवटची बोअर. ही वाया गेली तर मी राजीनामा देणार, आणि तुमचं नाव इतिवृत्तात लिहिणार."

इतिवृत्त म्हणजे काय ते आबांना कळलं नाही, पण बरं काही नसणार हे कळलं. त्यांनी टोपी सारखी केली, नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि चालायला सुरुवात केली. पाण्यावर आलं की तो नारळ हळूहळू उभा राहतो, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो.

नारळ फाटकातच उभा राहिला. आबा दहा पावलं गेले, तरी उभाच. जिन्यापाशी उभा, कचऱ्याच्या डब्याशी उभा, देवळाशी उभा, वाळत घातलेल्या चादरींखालीही उभा.

"आबा," कर्णिक म्हणाले, "सगळीकडे पाणी आहे हे मीही सांगितलं असतं. समोर समुद्र आहे."

गॅलऱ्यांमधून लोक हसले. आबांनी नारळ पिशवीत टाकला. "नारळाला परवासाचा शीण आलाय," ते म्हणाले. "दुपारी पोराला चालवतो. त्यो पायाळू हाय."



जेवण कर्णिकांकडेच होतं. कर्णिकबाई आमटी वाढत होत्या, त्या पळी हातात धरून थांबल्या. "पायाळू? खरंच? माझी आजी सांगायची हो! अहो, चार महिने झाले, माझी कंबर धरलीय. जरा मारता का?"

"सुधा!" कर्णिक ओरडले. "तू एम.ए. आहेस!"

"मी आहे. कंबर नाहीये."

मी आबांकडे पाहिलं. आबा भात कालवत होते. "मार की," ते मान वर न करता म्हणाले. मग सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरात, सेक्रेटरींच्या देखत, मी सेक्रेटरींच्या बायकोला पाठमोरं उभं करून लाथ मारली. जेवढी हळू मारता येईल तेवढी मारली. "इतक्या हळू काय होणार?" त्या म्हणाल्या. दुसरी जरा बरी मारली. त्या सरळ झाल्या, खाली वाकल्या, पुन्हा सरळ झाल्या. "मोकळं वाटतंय हो!" कर्णिकांनी ताटावरून उठून पंखा मोठा केला.

जेवणानंतर आबांनी मला जिन्याखाली गाठलं. माणदेशातला त्यांचा तो रुबाब आता चेहऱ्यावर कुठंच नव्हता.

"सोपान, हितं काय गावंना बघ. आपल्याकडं उंबर असतोय, वारूळ असतंय, हरळी कुठं हिरवी ऱ्हाती ते बघतोय मी. नारळ नुसता लोकांस्नी दावायला. हितं नुसती वाळू. मी आंधळ्यावानी झालोय." ते थांबले. "चाळीस वर्षांत एक हीर कोरडी गेली न्हाय माझी. हितनं नाव घालवून गेलो तर गावात त्वांड कसं दावू? आता तुझं पाय काय सांगतील ते. चार वाजता चाल."

एवढं बोलून ते पायरीवर बसले. चाळीस वर्षांचं नाव माझ्या दोन खोट्या पायांवर टेकवून ते तंबाखू मळू लागले. मला रडूच यायचं बाकी होतं. पळून जावं म्हणून मी खरंच किनाऱ्याकडे निघालो, पण जाणार कुठं? परत जायचं तर त्याच लाँचनं.

किनाऱ्यावर कोळ्यांनी बांबू बांधून त्यांवर बोंबील वाळत घातले होते. एक म्हातारी ते एकेक चाचपून बघत होती. तोंडात पान, डोक्यात अबोलीचा वळेसर. तिचं नाव नागूबाय.

"कुठशी आलास रं पोरा? तोंड कशाला असं पारलंस?"

"माणदेशातून. साताऱ्याकडून."

"तयं दर्या हाय?"

"तिथं विहिरीलाही पाणी नाही, मावशी."

ती खळखळून हसली. मी बोंबलांच्या सावलीत बसलो. तिच्याशी बोलताना जीव जरा थाऱ्यावर आला, आणि अगदी सहज माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, नळ नव्हता तेव्हा तुम्ही पाणी कुठलं प्यायचात?"

"आमची बाव होती ना! बारा हातांवर पानी, न गोड कसं, शहाल्यावानी. माजी सासू तयंच पानी भरायची, मी बी भरलं. मंग तुमच्या बिल्डिंगा झाल्या न वर लाद्या टाकून बंद केली बाव. आता तिच्यावर ती निली गारी उभी रेते."

निळी गाडी एकच होती. कर्णिकांची फियाट.

"आणि हे तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"कोनी इचारलं?" नागूबायनं पानाची पिंक टाकली. "सात वरसं टँकर येतो न जातो. माज्याकरून बोंबील नेतात, भावावरून भांडतात, पन पान्याचं एकानं इचारलं असंल तं शप्पथ."

मी तिच्या पायाच पडलो. तिनं मला उठवलं आणि बोट नाचवून बजावलं, "बाव उघरली तं पयला हंडा माजा. सांग तुज्या सायबाला."

चार वाजता सगळी सोसायटी गॅलरीत होती. मी चपला काढल्या. फरशी इतकी तापली होती की पायाला पाणी कळायच्या आधी आग कळत होती. तरी मी घाई केली नाही. देवळाशी थांबलो, मान हलवली. कचऱ्याच्या डब्याशी थांबलो, पुन्हा मान हलवली. पाणाड्याचा जावई व्हायचं तर एवढं यायलाच हवं होतं. मग फियाटला एक फेरी घातली, बॉनेटपाशी उभा राहिलो आणि डोळे मिटून म्हणालो, "इथं."

"शक्य नाही," कर्णिक म्हणाले. "ही माझी पार्किंगची जागा आहे."

"ते पाण्याला ठावं न्हाय," आबा म्हणाले.

गाडी दिवाळीपासून चालू होत नव्हती. सहा जणांनी ढकलली, कर्णिक आत बसून उगाच हॉर्न वाजवत होते. संपतनं पहारीनं फरशा उचकटल्या. चौथ्या घावाला खालून पोकळ आवाज आला. लाद्या निघाल्या. खालून गार ओला वास वर आला. माणदेशातल्या माणसाला त्या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. आबांनी टोपी काढून हातात घेतली. बादली सोडली, भरून वर आली, आणि सेक्रेटरी या नात्यानं पहिला घोट कर्णिकांनी घेतला.

त्यांनी आणखी एक घोट घेतला. मग चड्डीच्या खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं. "गोड आहे," ते म्हणाले, आणि गॅलऱ्यांतून टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

नागूबाय डोक्यावर हंडा घेऊन फाटकातून आत आली. लोक बाजूला सरेनात. मी पुढं होऊन म्हणालो, "पहिला हंडा या मावशींचा. तसा पाण्याचा नियमच आहे."

आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चाळीस वर्षांत असा नियम त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, मग तिच्या हंड्याकडे, मग माझ्या भाजलेल्या पायांकडे. "हाय," ते म्हणाले. "जुना नेम हाय त्यो." नागूबायनं हंडा भरला, जाता जाता मला डोळा मारला आणि चकार शब्द न बोलता निघून गेली.

पुढचा अर्धा तास मी लाथा मारत होतो. बी विंगचे देसाई, त्यांचे व्याही, टँकरवाल्यांशी भांडून मान धरलेल्या एक बाई. शेवटी इकडंतिकडं बघत कर्णिक आले आणि हळूच म्हणाले, "विश्वास नाही. पण एक मारून ठेवा." आबा बाजूला उभं राहून येईल त्याला सांगत होते, "जावई हाय माझा. व्हनारा."

तीन महिने ज्या शब्दासाठी मी शेंगा खात होतो तो शब्द असा वीस वेळा कानावर पडला, आणि एकदाही मला आनंद झाला नाही. अंजिरा डोळ्यांपुढं यायची आणि शेंगा मोजत म्हणायची, आबांस्नी खोटं खपत न्हाय.

सूर्य खाली उतरला तेव्हा आम्ही लाँचकडे निघालो. ओहोटी लागली होती आणि सकाळी धक्क्याला टेकलेली लाँच आता बरीच खाली गेली होती. आबांनी खाली वाकून ती किती खोल आहे हे बघितलं आणि तसेच वाकलेले राहिले.

"सोपान."

"काय, आबा?"

"भरली."

मी आणि लाँचवाल्यानं त्यांना धरून वाळूवर आणलं. ते गुडघ्यांवर हात टेकून, कंबर वर करून उभे राहिले. लाँचवाला निघून गेला. आसपास दोन कुत्री सोडली तर कुणी नव्हतं.

"मार," आबा म्हणाले.

मी पाय उचलला. सरपंचाला मारली, तलाठ्याला मारली, एम.ए. झालेल्या बाईला मारली, कुठंच पाय अडला नव्हता. इथं तो हवेतच राहिला. या माणसाच्या घरात मला आयुष्यभर जेवायचं होतं. त्यांच्या कमरेत खोटी लाथ घालून अंजिराच्या समोर बसायला मला तोंड राहिलं नसतं.

"आबा, मी पायाळू नाही."

 आबा तसेच वाकलेले.

"पाणी नागूबायनं सांगितलं. मामा खोटं बोलले आणि मी गप्प बसलो. तुमची मुलगी मला हवी होती, म्हणून. आता नाही दिली तरी चालेल." हे शेवटचं वाक्य साफ खोटं होतं, पण ते बोलावं लागलं.

"ठावं हाय," आबा वाळूकडे बघत म्हणाले.

"नागूबायचं?"

"ते दुपारी कळलं. पायाचं पयल्या दिसापास्नं ठावं हाय. तुझ्या वक्ताला सुईण कोण व्हती? माझी आय. तिनंच सांगितलंय मला. डोस्क्यानं आलास, सरळ, चारचौघांवानी."

मी मटकन वाळूत बसलो. "मग तुम्ही बोलला का नाहीत? मी तीन महिने गावाला लाथा मारतोय!"

"बघत व्हतो, कवा बोलतूयास." आबांनी कण्हत मान माझ्याकडे वळवली. "आज बोलला नसतास तर उद्या मामाकडं नकार धाडणार व्हतो. ज्यानं ठिकाण इचारून काढलं, त्याला माझी इद्या आलीच की. मी तरी दुसरं काय करतोय? गुराख्यास्नी इचारतोय, म्हाताऱ्यांस्नी इचारतोय, झाडं बघतोय. हितं कुणाला इचारावं ते सुचलं न्हाय, एवढंच."

"पण तुम्ही तर खरे पायाळू."

आबा हसायला गेले आणि कळ आल्यावर थांबले. "माझ्या वक्ताला आय रानात एकटीच व्हती. सुईण तीच, बाळंतीण तीच. ती म्हणली पायाळू, गाव म्हणलं पायाळू. कोण बगायला व्हतं? आता मार लवकर, कंबर मोडतीया माझी."

"पण मी पायाळू नाही, आबा."

"तू मार."

मी उठलो, धोतराच्या गाठीच्या जरा वर नेम धरला आणि लग्नाच्या आधीच सासऱ्याच्या कमरेत सणसणीत लाथ घातली. तीन महिन्यांत मारलेली ती पहिली खरी लाथ. आबा चार पावलं धडपडत पुढं गेले आणि थांबले. मग हळूहळू, एकेक मणका तपासत, ताठ उभे राहिले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. खाली वाकून त्यांनी वाळूतला एक शिंपला उचलला आणि तो हातात धरून कितीतरी वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले.

"सोपान," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आय खोटं बोलायची न्हाय. पन तिला राती दिसायचं न्हाय. तू जल्मलास तवा घरात दिवा व्हता का न्हाय, तेवढं तुझ्या आयला इचारून ठेव."